पोटभाडेकरू

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू नावाचं शहर आहे. तिथले गाड्या धुणारे लोक मोटार थेट सरोवराच्या कडेला उतरवतात आणि स्वतः पोटऱ्या बुडतील इतक्या पाण्यात उभं राहून ती धुतात. एक गाडी झाली की दुसरी, असं दिवसभर. पाणी फुकट आणि भरपूर. आसपासच्या गवताला चिकटलेल्या गोगलगायींकडे बघायला कोणाला वेळ असणार?

दुपारकडे ऊन चढलं की त्या गोगलगायींच्या, चकलीसारख्या चपट्या वेटोळ्यांच्या शंखांतून बारीक जीव बाहेर पडू लागतात. लांबी साधारण अर्धा मिलिमीटर, शेपटीच्या टोकाला दोन फाटे. एका कृमीच्या या अळीला सर्केरिया म्हणतात. ती पोहते तीही उलटी. शेपटी पुढे करून वर चढते, मग अंग सैल सोडून सावकाश खाली बुडते, पुन्हा वर. ती काही खात नाही. जन्मतानाच अंगात भरलेली ग्लायकोजेनची शिदोरी फार तर दीड-दोन दिवस पुरते, आणि तेवढ्यात माणूस भेटला नाही तर तिचा खेळ आटोपला. बाहेर पडण्याची वेळही उगाच दुपारची नाही, कारण माणसं पाण्यात उतरतात ती दिवसा. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर याच कृमीचा एक वाण उंदरांवर पोसतो. तिथल्या अळ्या गोगलगायीतून निघतात त्या संध्याकाळकडे, उंदरांच्या फिरण्याच्या वेळेला. वेळापत्रक अळीच्या रक्तातच आहे म्हणावं, तर तिला रक्त नाही. ते अजून मिळवायचं आहे.

अळी पोटरीला टेकते. कातडीवरच्या तेलकटपणातल्या मेदाम्लांची तिला चाहूल लागते, त्यातही लिनोलेइक आम्लाची, जे आपल्या करडईच्या तेलात भरपूर असतं. लगेच डोक्याकडच्या ग्रंथींतून प्रथिनं विरघळवणारा रस सुटतो आणि काही मिनिटांत ती कातडीत शिरते. शेपटी बाहेरच राहते, आता तिचं काही काम नाही. गाडी धुणाऱ्याला फार तर जराशी खाज येते. तो पोटरी खाजवतो आणि बादली उचलतो.

आत शिरल्यावर पहिलं काम कपडे बदलण्याचं. गोड्या पाण्यात चालणारं आवरण खारट रक्तात चालत नाही. दोन-तीन तासांत अळी जुनं टाकते आणि नवं चढवते. आपल्या प्रत्येक पेशीभोवती मेदाचा एक पातळ पडदा असतो, ही अंगावर तसे दोन घेते, एकावर एक. हे दुपदरी आवरण लक्षात ठेवा, पुढची बरीचशी गोष्ट त्याचीच आहे. काही दिवस कातडीत मुक्काम, मग रक्ताबरोबर फुप्फुसात, तिथल्या केशवाहिन्यांतून अंग बारीक करून पलीकडे, आणि फिरत फिरत यकृतात. तिथे ती मोठी होते, आणि जोडीदार मिळतो तोही तिथेच.

हे जोडपं सर्वांत आधी पाहिलं थिओडोर बिलहार्झ या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरने. १८५१ साली तो कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदनं करत होता. आतड्यात जंत सापडणं तेव्हा रोजचंच होतं. पण यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतल्या रक्तात त्याला पांढरे, बोटाच्या पेराहूनही लहान कृमी दिसले. त्याहून नवल म्हणजे काही कृमींच्या अंगाच्या पन्हाळीत आणखी एक कृमी होता, दोऱ्यासारखा. आपल्या गुरूंना, फॉन सिबोल्ड यांना, त्याने हे पत्राने कळवलं. पुढे या जिवाचं नाव शिस्टोसोमा पडलं, म्हणजे दुभंगलेलं अंग. बिलहार्झ स्वतः सदतिसाव्या वर्षी गेला, पण त्याच्या नावावरून या रोगाला बिलहार्झिया आजही म्हणतात.

मराठीत या कुळाला पर्णकृमी म्हणतात, पानासारखे चपटे म्हणून. गुरांच्या यकृतातला पर्णकृमी शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. या कुळातले बहुतेक जण एकाच अंगात नरही असतात आणि मादीही. रक्तातल्या या शाखेने मात्र संसार थाटला. नर आपल्या पानाची लांबीकडून सुरळी करतो आणि मादी त्या सुरळीत राहते, जवळजवळ जन्मभर. दोघं रक्ताच्या उलट दिशेने शिरांमधून चालत जातात. एका जातीची जोडपी आतड्याच्या शिरांत बिऱ्हाड करतात, दुसरीची मूत्राशयाच्या.

मादी नराशिवाय वयातच येत नाही. नराच्या कुशीत नसलेली मादी खुरटलेली राहते, आणि अंडी घालणारी मादी नरापासून वेगळी केली तर तिचा अंडाशय आटून जातो. नर नेमकं देतो तरी काय, हा प्रश्न कित्येक दशकं लोंबकळत होता. २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उत्तर काढलं. मादीचा स्पर्श झाला की नर एक छोटासा रेणू बनवू लागतो, बीटा-अलानीन आणि ट्रिप्टामीन यांचा जोड. तो रेणू काचेच्या ताटलीत घातला, तर नराशिवायही मादी वयात येते आणि अंडी घालू लागते. एवढ्या मोठ्या संसाराचं गुपित दोन तुकड्यांच्या एका रेणूत निघालं, हे वाचून मला थोडं वाईटच वाटलं होतं.

त्यांचं खाणं रक्ताचं. एका जुन्या मोजणीप्रमाणे मादी ताशी तीन लाखांहून जास्त तांबड्या पेशी गिळते, नर त्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्याइतक्या. आकडा ऐकून दचकायला होतं, पण एका घनमिलिमीटर रक्तातच चाळीस-पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. घरमालकाला पत्ताही लागत नाही. या कृमीला तोंड आहे, गुदद्वार नाही. हिमोग्लोबिन पचवून उरलेला काळा चोथा तो तोंडावाटेच परत रक्तात टाकतो.

आता विचार करा. बोटात बोरीचा काटा मोडला तर दोन दिवसांत तिथे पू होतो. शरीराला परकं काही खपत नाही. आणि इथे डोळ्यांना दिसेल एवढा सेंटिमीटरभराचा प्राणी, सैनिक पेशींनी गजबजलेल्या रक्ताच्या हमरस्त्यात, सरासरी तीन ते दहा वर्षं राहतो. रोगाचा प्रदेश सोडून तीसहून अधिक वर्षं झालेल्या माणसांच्या विष्ठेत किंवा लघवीत जिवंत अंडी सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे तीस वर्षं ना भाडं, ना करारनामा. मराठीत पोटभाडेकरू हा शब्द कोणी केला ठाऊक नाही, पण त्याच्या डोळ्यांसमोर हा प्राणी असता तर याहून नेमका शब्द सुचला नसता.

हे जमतं कसं, याचा पहिला धागा लंडनच्या मिल हिलमधल्या संशोधन संस्थेत सापडला. १९६९ च्या सुमारास स्मिदर्स, टेरी आणि हॉकली यांनी उंदरात वाढलेले कृमी शस्त्रक्रियेने माकडात घातले. काही दिवस अंडी घालणं मंदावलं, मग त्यांचं नेहमीसारखं चालू झालं. नंतर त्यांनी वेगळी माकडं घेतली, ज्यांना आधी उंदराच्या पेशी टोचून उंदराविरुद्ध तयार केलं होतं. कृमीशी त्या माकडांची ओळखही नव्हती. तरी त्यांच्या अंगात गेलेले कृमी मेले. माकडाच्या शरीराने कृमीला ओळखलंच नव्हतं, त्याने ओळखला होता उंदीर. कृमी अंगावर उंदीर पांघरून आला होता.

पुढे दिसलं की माणसाच्या रक्तात वाढवलेले कृमी त्या रक्ताचा गटही उचलतात. ए गटाच्या रक्तातला कृमी अंगाला ए गटाच्या खुणा चिकटवून घेतो, बी गटातला बीच्या. ते दुपदरी आवरण यासाठीच सोयीचं. वरचा पदर झिजतो, प्रतिपिंडं चिकटली तर त्यांच्यासकट गळून पडतो, खालून नवा येत राहतो. त्याच आवरणावरची विकरं शेजारच्या पेशींनी सोडलेले धोक्याचे रासायनिक इशारे मोडून टाकतात, म्हणून शिरेत एवढा मोठा परका देह असूनही त्याच्याभोवती रक्त गोठत नाही.

त्याच प्रयोगशाळेतून आणखी एक मासलेवाईक गोष्ट पुढे आली. ज्या माकडात प्रौढ कृमी सुखाने नांदत असतात, त्याच्या अंगात नव्या अळ्या सोडल्या तर त्यांतल्या बहुतेक मारल्या जातात. शरीराने प्रतिकार शिकलेला असतो, पण तो लागू पडतो नव्याने येणाऱ्यांना, कारण त्यांच्या अंगावर अजून उसने कपडे नसतात. जुने तसेच राहतात. एकदा आत जागा मिळाली की लोकलच्या दारातला माणूस पुढच्या स्टेशनवर ‘जागा नाही, जागा नाही’ म्हणून ओरडतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथे ओरडायचं काम घरमालकाची फौज करते.

इथपर्यंत गोष्ट लपण्याची होती. पण मला या कृमीचं खरं नवल वाटतं ते अंड्यांपासून पुढे.

आतड्याच्या जातीची मादी दिवसाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. अंडं मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढं, बाजूला काट्यासारखं टोक. मादी ते रक्तवाहिनीत घालते आणि त्याला पोहोचायचं असतं आतड्याच्या पोकळीत. मध्ये शिरेची भिंत, मग आतड्याची भिंत. अंड्याला पाय नाहीत, शेपटी नाही. मग ते पलीकडे जातं कसं?

त्याला आपण नेतो. अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात आणि आतल्या गर्भाचे स्राव त्यांतून पाझरत राहतात. मूळ कृमी जितका गुपचूप, तितकं हे अंडं बोभाटा करणारं. त्या स्रावांनी पांढऱ्या पेशी धावून येतात, इओसिनोफिल येतात, अंड्याभोवती कडं करतात. या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. परक्या वस्तूला कोंडून शरीराबाहेर टाकावं, हा शरीराचा साधा हेतू, आणि अंड्याला तेच हवं असतं. सूज येते, ऊती सैल पडतात, अंडं पोकळीकडे ढकललं जातं. प्रतिकारशक्ती कमी केलेल्या उंदरांच्या विष्ठेत अंडी कमी पडतात, हे आधी दिसलं होतं. मग १९९७ मध्ये माणसांतला पुरावा आला, तोही याच किसुमूच्या गाड्या धुणाऱ्यांकडून. त्यांच्यातल्या ज्यांना एचआयव्हीची लागण होती आणि ज्यांच्या टी पेशी घटल्या होत्या, त्यांच्या विष्ठेतून अंडी कमी बाहेर पडत होती. पहारेकरी आजारी पडले आणि हमालांचा तुटवडा झाला.

अंडी येण्याआधी, पहिले पाच-सहा आठवडे, शरीराचा पवित्रा जंतूंना मारण्याचा असतो. अंडी पडू लागली की त्यांच्या स्रावांतली काही प्रथिनं तो पवित्राच फिरवतात. फौज दमा-अ‍ॅलर्जीत दिसते तशा वळणावर जाते. या फिरवण्यात आपलाही स्वार्थ आहे. ज्या उंदरांत हे वळण घेण्याची सोय काढून टाकली, ते लागण झाल्यावर लवकर मरतात, आणि ज्यांत टी पेशीच नसतात, त्यांचं यकृत अंड्यांच्या विषाने जळतं. गाठ म्हणजे त्या विषाभोवतीची भिंतही असते. २००१ मध्ये तर असं दिसलं की विशिष्ट टी पेशी नसलेल्या उंदरांत कृमी नीट वाढतच नाहीत, खुरटे राहतात. फौज आजूबाजूला असल्याची खूण पटल्याशिवाय हा पाहुणा मोठाच होत नाही.

पण निम्म्याच्या आसपास अंडी वाट चुकतात. रक्ताबरोबर वाहत यकृतात जाऊन अडकतात. तिथे पोकळीच नाही, त्यामुळे ढकलून ढकलून ती जाणार कुठे? गाठ होते, तीन आठवड्यांत गर्भ मरतो, गाठीचा व्रण राहतो. रोज शेकडो अंडी, वर्षानुवर्षं. यकृताच्या शिरांभोवती जाड तंतूंचे पट्टे बनतात, रक्ताला वाट मिळेनाशी होते, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटून रक्ताची उलटी होते. मूत्राशयाच्या जातीत लघवी लाल होते. काही गावांत मुलाला अशी लघवी होऊ लागली की तो वयात आला, असं समजत. पुढे त्याच मूत्राशयाला कर्करोग होऊ शकतो. आजार कृमीचा म्हणायचा, पण तो होतो वाट चुकलेल्या अंड्यांमुळे आणि त्यांच्यावर मनापासून काम करणाऱ्या आपल्याच पेशींमुळे. रफर यांनी १९१० मध्ये इजिप्तच्या दोन ममींच्या मूत्रपिंडांत ही अंडी दाखवली, तीन हजार वर्षांपूर्वीची, चुन्यासारखी घट्ट झालेली.

वाट न चुकलेलं अंडं गोड्या पाण्यात पडलं की फुटतं. आतून केसाळ अळी निघते आणि सेकंदाला दोनेक मिलिमीटर वेगाने गोगलगाय शोधू लागते. हातात थोडेच तास असतात. गोगलगायीत शिरली की ती स्वतःच्या प्रती काढत सुटते. गोगलगाय अंडी घालणं सोडते, तिचं पोसणं आता दुसऱ्यासाठी. महिन्याभराने एकाच अळीपासून हजारो सर्केरिया बाहेर पडू लागतात. सगळ्या एकमेकींची हुबेहूब नक्कल, म्हणून सगळ्या एकतर नर नाहीतर मादी.

याच गोष्टीचा नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी फार चतुर उपयोग केला. लस तपासायची तर निरोगी माणसांना मुद्दाम लागण करून बघावी लागते. पण रोग होतो अंड्यांनी, अंड्यांना मादी लागते, आणि एका अळीची लागण झालेल्या गोगलगायीतून फक्त नर मिळवता येतात. तेव्हा स्वयंसेवकांच्या हातावर मोजून वीसेक नर अळ्या सोडल्या, कृमी रक्तात वाढले की नाही ते तपासलं आणि काही आठवड्यांनी औषध दिलं. २०२० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. ब्रह्मचाऱ्यांची वसाहत, अंड्यांचा प्रश्नच नाही.

औषधाचीही गंमत आहे. आजच्या गोळीआधी इजिप्तमध्ये अँटिमनीची इंजेक्शनं देत. त्या मोहिमांत सुया नीट न उकळता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हेपटायटिस सी देशभर पसरला. १९७० च्या दशकात जर्मनीत प्राझिक्वांटेल सापडलं, आणि ते गोळीच्या रूपात घेता येतं. गोळीने कृमीच्या अंगात कॅल्शियम घुसतं, तो आखडतो, आणि ते दुपदरी आवरण फाटतं. इतकी वर्षं झाकलेलं मूळ अंग उघडं पडतं, आणि मग प्रतिपिंडं तुटून पडतात. प्रतिपिंडं बनवू न शकणाऱ्या उंदरांत हे औषध फिकं पडतं. म्हणजे गोळीचं निम्मं काम कपडे फाडण्याचं.

आणि इथे किसुमूचे गाडी धुणारे पुन्हा येतात. त्यांना गोळी देऊन बरं करत, ते पुन्हा पाण्यात उतरत, पुन्हा लागण होई, पुन्हा गोळी. असं बऱ्याचदा झाल्यावर त्यांच्यातल्या काहींना लागण व्हायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागू लागले. कृमी मेला की त्याच्या आतली प्रथिनं शरीराला पहिल्यांदा दिसतात आणि त्यांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. एरवी कृमी आपल्या मरणाने मरेपर्यंत वाट बघावी लागते. गावांत मुलांना लागण सर्वाधिक आणि प्रौढांना कमी असते, त्याचं एक कारण हेच, असं मानतात. शरीर या शत्रूला ओळखायला शिकतं ते त्याच्या प्रेतावरून.

आजही जगात पंचवीस कोटींच्या आसपास लोकांना या रोगावर उपचारांची गरज आहे, बहुतेक आफ्रिकेत. सेनेगल नदीवर १९८६ मध्ये दियामा धरण झालं. खारं पाणी अडलं, कालवे आले, गोगलगायी वाढल्या, आणि त्यांना खाणारी कोळंबी, जिला अंड्यांसाठी खाडीकडे उतरावं लागतं, ती धरणाने अडवली. दोन वर्षांत तिथे साथ होती.

आपल्याकडे हा रोग नाही असंच डॉक्टर मानत होते. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्राशयाच्या शिस्टोसोमाचे स्थानिक रुग्ण असल्याचं प्रसिद्ध केलं. मधला यजमान म्हणून त्यांनी नाव घेतलं ते फेरिसिया या, टोपीसारखा इवला शंख असलेल्या, पानाला चिकटून बसणाऱ्या गोगलगायीचं. कोकणातल्या वहाळात हा शंख शेजारी असला तरी दिसणार नाही.

गुरांचे रक्तकृमी मात्र आपल्याकडे मुबलक आहेत. त्यांतला एक बैलाच्या नाकाच्या शिरांत राहतो. त्याच्या अंड्यांभोवती नाकात फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी वाढतात आणि जनावर उभ्याउभ्या घोरतं. बैल त्याच डबक्यात पाणी पितो जिथे इंडोप्लॅनॉर्बिस ही चपटी गोगलगाय असते. तिच्यातून निघालेल्या अळ्या भातखाचरात लावणी करणाऱ्यांच्या पोटऱ्यांनाही टेकतात. तेलकटपणाची चाहूल तीच, म्हणून त्या शिरतातही. पण त्यांना बैलाचं घर माहीत, माणसाचं नाही. वेळेवर कपडे बदलायला जमत नाही, आणि कातडीतच त्या मारल्या जातात. संध्याकाळी पायावर लाल पुरळ उठतं, रात्रभर खाजतं, आणि गोठ्यात बैल घोरत असतो.